कळवतो म्हणाले होते

वसमतच्या बाजूला मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खाऊन उठली आणि उंबऱ्यात चपला शोधता शोधता 'कळवतो' म्हणाली, की समजायचं, नकार आला. ज्यांना मुलगी पसंत असते ते असं बोलत नाहीत. ते म्हणतात, 'मग तुमी कधी येता आमच्याकडं?' नाहीतर मुलाचा मामा उगाच बोअरच्या पाण्याची नि घरावरच्या पत्र्यांची चौकशी करत रेंगाळतो. 'कळवतो' हा शब्द कुणा भल्या माणसानंच शोधून काढला असणार. त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि ज्यांचे पोहे खाल्ले त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची पाळी येत नाही. मुलीकडच्यांनीही मग गप्प बसायचं. परत विचारायचं नाही, त्या घराची चौकशीसुद्धा करायची नाही. पोरीच्या आईनं मागं लागलेलं बरं दिसत नाही, हे करुणाला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईनं.

करुणाच्या घरात हा शब्द एकदाच नको तितका लागला. औंढ्याहून मुंजाजी आणि पद्माबाई आपल्या आयुषला घेऊन आले होते. मुलगा पोस्टात नोकरीला, बोलायला साधा. करुणाची संध्या वसमतला इंग्रजीचे क्लास घेते हे कळल्यावर त्यानं तिला विचारलं होतं, मुलं सगळ्यात जास्त कशात चुकतात. असा प्रश्न मुलगी बघायला येऊन कुणी विचारत नाही. संध्या सांगत बसली, तो हसत ऐकत बसला, आणि पोहे दोघांच्याही ताटलीत तसेच राहिले. निघताना मुंजाजी उंबऱ्यात म्हणाले, 'कळवतो.' त्या दिवशी संध्या ताटल्या घासताना गुणगुणत होती. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते घरात कुणाला कळलंही नाही. करुणाला तेवढं कळलं. आईला असलं सगळं कळतं, फक्त त्याचं करायचं काय ते कळत नाही.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. नंतर आलेल्या प्रत्येक स्थळाच्या वेळी संध्याच्या क्लासची परीक्षा निघायची. तिचे वडील रत्नपाल साखर कारखान्यात फिटर. कुठल्या यंत्रात काय अडकलंय ते त्यांना आवाजावरून समजे, पण मुलीपुढं त्यांचं काही चालत नसे. ते म्हणत, 'तिला न्हाई करायचं तर न्हाई. काहून मागं लागतीस?' करुणा गप्प बसे.

गावातल्या बायकांचा हळदीचा गट होता, 'रमाई' नावाचा, आणि करुणा त्याची अध्यक्ष. आधी हळकुंडं मोंढ्यात, व्यापाऱ्यांच्या बाजारात, नेऊन विकायची, एवढंच काम होतं. मग बायकांनी दळायचं यंत्र घेतलं, समाजमंदिरामागं शेड उभी केली, आणि आपली हळद आपणच दळून, पाकिटात भरून विकायला लागल्या. हळद चांगलीच होती. एका प्रदर्शनात बेंगळुरूच्या एका मसाला कंपनीच्या मॅडमनं ती बघितली, नाकाजवळ नेली, तळहातावर चोळली आणि कार्ड दिलं. तिथून पुढं फोन सुरू झाले. मॅडमचं हिंदी जेमतेम आणि मराठी शून्य. फोन इंग्रजीत व्हायचे आणि ते संध्या घ्यायची. पण फोन दुपारचे आणि संध्याचे क्लासही दुपारचे. मुलांना फळ्यासमोर ताटकळत ठेवून संध्या बाहेर जिन्यात उभी राहून हळदीतल्या ओलाव्याविषयी बोलायची. करुणानं ते एकदा डोळ्यांनी बघितलं आणि त्याच संध्याकाळी म्हणाली, मला शिकव.

करुणा दहावी झालेली होती. इंग्रजी शब्द तिला बरेच येत. पण मॅडमच्या बोलण्यातले शब्द ओळखीचे असूनही हाताला लागत नसत. संध्यानं भाकऱ्या थापता थापता त्याचं कारण सांगितलं. कचेरीतलं अर्धं इंग्रजी शेपटावर चालतं, ती म्हणाली. 'लुक' म्हणजे बघणं. त्याला 'आफ्टर' जोडलं की सांभाळणं, 'इन्टू' जोडलं की चौकशी करणं, 'फॉरवर्ड टू' जोडलं की आतुरतेनं वाट बघणं.

"एवढंसं शेपूट, अन् जनावरच बदलतंय की," करुणा म्हणाली.

संध्यानं तिला समजावलं की हे काही साहेबाचंच खूळ नाही, आपणही असंच बोलतो. 'जेवून टाक' म्हणतो तेव्हा कुणी ताट टाकून देत नाही. 'बस येऊन राहिली' म्हणतो तेव्हा बस आलेलीही नसते आणि कुठं राहिलेलीही नसते. हे करुणाला एकदम पटलं. त्यानंतर ती शेपटांना घाबरेनाशी झाली. रोज भाकरीमागं एक शब्द, असा हिशेब पडला. 'कॅरी आउट' म्हणजे पार पाडणं. 'रन आउट' म्हणजे संपणं, आणि ते सांगितल्यावर रत्नपालनी आतून विचारलं की क्रिकेटमध्ये मग काय संपतं. 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणं. हा शब्द मात्र करुणाला फोड करून सांगावा लागला नाही.

"हे मला कळलं," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "पाव्हणे यायचं म्हणलं की तू करतीस ते."

संध्या हसली, पण लगेच पिठाच्या डब्यात वाकून बघायला लागली. करुणाला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

एकाच शब्दावर गाडी अडली. 'फॉलो अप.' संध्यानं सांगितलं, एखाद्या कामाचं पुढं काय झालं ते आपण होऊन परत विचारणं. करुणा म्हणाली, म्हणजे मागं लागणं. संध्या म्हणाली, मागं लागणं नाही, आठवण देणं. धंद्यात ते करावंच लागतं, उलट केलं नाही तर समोरच्याला वाटतं यांना गरज नाही. करुणानं ऐकून घेतलं, पण तोंडानं तो शब्द काही म्हटला नाही. ते राहू दे, दुसरा सांग, म्हणाली.

पाकिटांचा नमुना बेंगळुरूला गेला आणि मॅडमचा फोन यायचा दिवस ठरला. त्या दिवशी संध्याच्या मुलांची खरोखरच परीक्षा होती. करुणा शेडमध्ये एकटीनं फोन घ्यायला बसली. एकटी म्हणजे नावाला, गटातल्या सगळ्या बायका यंत्र बंद करून भोवती बसल्या होत्या. गंगूताई सगळ्यांत मोठ्या, तोंडानं तिखट. त्यांनी आधीच दम देऊन ठेवला होता की फोन चालू असताना कुणी खोकायचं नाही. हळदीच्या शेडमध्ये न खोकणं ही काही सोपी गोष्ट नव्हे.

फोन झाला आणि चांगला झाला. मॅडम सावकाश बोलल्या. नमुना प्रयोगशाळेत तपासायला दिलाय, तिथल्या गर्दीमुळं काम जरा 'पुट ऑफ' झालंय, दराचं आपण वरिष्ठांशी बोलून 'लुक इन्टू' करू, असं त्यांनी सांगितलं. करुणाला सगळं समजलं. तिनंही दोन-तीन वाक्यं नीट म्हटली, एकदा तर मॅडम 'व्हेरी गुड' म्हणाल्या. बायकांनी डोळ्यांनीच एकमेकींना टाळ्या दिल्या. आणि मग अगदी शेवटी मॅडम म्हणाल्या, 'आय विल गेट बॅक टू यू.'

हाही शब्द भाकरीमागं होऊन गेलेला होता. 'गेट बॅक टू' म्हणजे नंतर कळवणं. करुणाला बरोबर आठवला. कळवते म्हणाल्या. फोनमध्ये उंबरा नव्हता, चपला नव्हत्या, पण वाक्य तेच होतं, आणि तितक्याच गोड आवाजातलं. तिनं 'थँक यू' म्हटलं, फोन ठेवला आणि बायकांना सांगितलं, "न्हाई जमलं. कळवते म्हणल्या."

एकीनंही विचारलं नाही की कळवते म्हणाल्या तर नाही कसं झालं. प्रत्येकीच्या घरी मुली होत्या. गंगूताई तेवढं बोलल्या, "जाऊ दे करुणे. आपली हळद काय अंगणात बसून राहणार हाय?" मग एकीनं यंत्राचं बटण दाबलं आणि त्या आवाजात बोलणं राहून गेलं.

संध्याला करुणानं एवढंच सांगितलं की मॅडमनी नको म्हटलं. संध्याला वाईट वाटलं, पण आईचा चेहरा बघून तिनं खोदलं नाही. मनातल्या मनात तिला वाटलं, आपणच घाई केली, आईला एकटीला बसवायला नको होतं. दिवस गेले, बेंगळुरूहून फोन आला नाही, आणि न आलेल्या प्रत्येक फोनागणिक करुणाची खात्री पक्की होत गेली. शेवटी मोंढ्यातल्या विश्वंभरशेठकडं जायचं ठरलं. ते सगळा माल पोत्यांत घेणार आणि आपल्या नावाच्या पाकिटात भरणार. म्हणजे 'रमाई' हे नाव त्या शेडच्या पाटीवरच राहणार होतं. बायकांनी ते नाव हौसेनं ठेवलं होतं, पाकिटावर कसं छापायचं यावर दोन दिवस भांडल्या होत्या. विश्वंभरशेठला शब्द द्यायचा दिवसही ठरला.

आदल्या दुपारी संध्या क्लासहून लवकर आली. आई शेडमध्ये पाकिटांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होती. संध्या खालून एकेक गठ्ठा हातात देत होती. देता देता तिनं सहज विचारलं की मॅडमनी नको म्हटलं ते कोणत्या शब्दांत. तिला खरं तर ते वाक्य क्लासमध्ये उदाहरण म्हणून हवं होतं. नकार सभ्यपणे कसा देतात, हा तिचा पुढचा धडा होता. करुणानं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, उच्चारासकट.

संध्याच्या हातातला गठ्ठा हातातच राहिला.

"आई, हा नकार न्हाई," ती म्हणाली. "त्या खरंच कळवणार असतील."

"खरंच कळवणारं माणूस कळवतो म्हणत न्हाई."

"ते आपल्याकडं. तिकडं दिवसातून चार वेळा म्हणतात. तू विचार त्यांना परत. आत्ता विचार."

करुणा शिडीवरून खाली आली, शेवटच्या पायरीवर बसली आणि पदरानं हात पुसायला लागली. हात पिवळे ते पिवळेच राहिले. ती म्हणाली की विचारणं तिच्यानं होणार नाही. एकदा कळवतो म्हटल्यावर आपण परत दारात जायचं नसतं. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं तर उद्या बायकांना काय तोंड दाखवू.

"आई, ही हळद हाय," संध्या हळूच म्हणाली. "पोरगी न्हाई."

 करुणाच्या मनात होतं तेच मुलीच्या तोंडून आलं होतं. त्या दोन वर्षांत संध्यानं औंढ्याचे पाहुणे आले त्या दिवसाचा एवढासुद्धा उल्लेख केला नव्हता. थोड्या वेळानं संध्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मास्तरणीच्या आवाजात, पण आईचा हात हातात घेऊन, समजावत राहिली. गेट बॅक म्हणणारा माणूस कधी खरं बोलत असतो, कधी टाळत असतो, आणि नुसत्या शब्दावरून ते जगात कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून एकच विचारायचं, 'बाय व्हेन?' कधीपर्यंत? टाळणारा माणूस तिथं गडबडतो आणि खरा माणूस दिवस सांगतो. यात कमीपणा काही नाही. समोरच्याला त्याच्याच शब्दाची आठवण द्यायची असते.

करुणानं फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. गंगूताई केव्हा शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्या म्हणाल्या, "लाव बाई. न्हाईच म्हणल्या तर बाकीच्या बायकांना कोण सांगणार हाय?"

फोन लागला.  'मॅडम, आय ॲम फॉलोइंग अप,' असं करुणानं म्हटलं, आणि संध्यानं डोळे मिटून घेतले. पलीकडून मॅडम भराभरा बोलायला लागल्या. बरं झालं तुम्ही फोन केला. अहवाल चांगला आलाय, हळद आम्हाला हवीय. मध्ये माझा मुलगा आजारी पडला, मी रजेवर होते, आणि तुमच्याकडूनही काही आलं नाही, तेव्हा वाटलं तुम्ही दुसरीकडं माल दिला. गाडी कधी पाठवायची ते ठरवून मी गेट बॅक करते. करुणानं विचारलं, 'बाय व्हेन, मॅडम?' मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत. आणि पाकिटावर तुमचं नाव राहू दे, ते छान आहे.

बायका जमल्या, गंगूताईंनी कुणाला तरी पेढे आणायला पिटाळलं, आणि बेंगळुरूच्या त्या मुलाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनी मिळून भरपूर आशीर्वाद दिले. त्या गडबडीत करुणा मात्र एकाच वाक्याशी अडून बसली होती. तुमच्याकडूनही काही आलं नाही. आपण इकडं मान राखून बसलो होतो आणि तिकडं माणूस आपली वाट बघत होतं. असं आणखी कुठं झालं असेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि मग तो काही केल्या जाईना.

संध्याकाळी रत्नपाल पाळीवर गेले होते. मायलेकी स्वयंपाकघरात होत्या, संध्या भाकरी थापत होती आणि करुणा पाटावर बसून फोन नुसताच हातात फिरवत होती.

"ते औंढ्याचे लोक," करुणा म्हणाली, "कळवतो म्हणाले होते."

संध्याची थाप थांबली. पाठ आईकडं होती, ती तशीच राहिली.

"मी विचारू का त्यांना? फॉलो अप."

संध्या परत भाकरी थापायला लागली. करुणाला वाटलं, चुकलंच आपलं, जखमेवरची खपली काढली. ती फोन बाजूला ठेवणार तेवढ्यात संध्या तव्यावर भाकरी टाकत, मागं न बघता म्हणाली, "स्पीकरवर ठेव."

पद्माबाईंनी फोन उचलला. करुणानं जय भीम केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. पुढचं वाक्य तिनं मनात तीनदा जुळवलं होतं, पण बाहेर आलं ते भलतंच साधं. ती म्हणाली, "तुमी कळवतो म्हणला होता. म्हणून विचारून राहिले."

 पलीकडून पद्माबाई बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. कळवणारच होतो, त्या म्हणाल्या. तुमच्याकडून घरी पोचलो ते ठरवूनच. पण त्याच आठवड्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वर्षभर दवाखाने केले, मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मग वाटलं, इतक्या दिवसांत तुमी पोरगी दिली असंल. कोणत्या तोंडानं विचारावं, ताई.

करुणाला मुंजाजींचा उंबऱ्यातला चेहरा आठवला. साधा माणूस होता, आपण त्यांच्या एका शब्दावरून दोन वर्षं त्यांना नावं ठेवली. माणूस गेला आणि आपण चौकशीसुद्धा केली नाही, म्हणे रीत आहे. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. दोघी बायका फोनच्या दोन टोकांना थोडा वेळ नुसत्या रडल्या. मग करुणानं सांगितलं की संध्याचं लग्न झालेलं नाही. आयुषचं?

"न्हाई झालं. कुठं जायचं म्हणलं की सुट्टी न्हाई म्हणतोय," पद्माबाई म्हणाल्या. मग जरा सावरून, जुन्या सवयीनं, जसं कुणीही बोलेल तसं बोलल्या, "त्याला विचारते अन् कळवते तुमाला."

करुणानं संध्याच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ ताठ झाली होती. आजवर हा शब्द आला की तिच्या घराण्यातल्या सगळ्या बायका मान खाली घालून 'बरं' म्हणत आल्या होत्या. करुणानं मान वर केली.

"कधी कळवता?" तिनं विचारलं.

 पद्माबाई ओल्या आवाजात हसल्या. म्हणाल्या, "फोन ठिवू नका ताई. आत्ता विचारते." चपलांचा आवाज झाला, दार वाजलं, कुठंतरी टीव्ही बंद केला गेला. दूरवरून एका पुरुषाचा आवाज आला, कुणाचा फोन आहे म्हणून विचारणारा. पद्माबाई एवढंच म्हणाल्या, "वसमतहून."

त्यावर तो आवाज अगदी जवळून, फोन हातात घेतल्यासारखा आला.

"संध्याचा?"

कुणी त्याला नाव सांगितलेलं नव्हतं. संध्या वळली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं आणि तव्यावरच्या भाकरीचा धूर व्हायला लागला होता. करुणानं फोन तिच्यापुढं धरला आणि दुसरा हात लांब करून गॅस बंद केला.